फुगा दाबला, पण पाकळ्या मिटेनात

फोटोचा पहिला कागद डेव्हलपरमध्ये, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात, सोडला आणि बघता बघता तो तव्याच्या बुडासारखा काळा झाला. दुसराही तसाच. तिसरा वाया घालवण्याआधी कॅमेऱ्याच्या मागे फोकसिंगची काच लावली, डोक्यावर काळं फडकं घेतलं आणि शटर उघडणारा रबरी फुगा दाबला. काचेवर अंगणातली तुळस उलटी उभी राहिली. फुगा सोडला. तुळस तिथेच. मनात दहापर्यंत मोजलं तरी तुळस काही जाईना. शेवटी कॅमेऱ्याला हलकी चापट मारली तेव्हा आत ‘टक’ झालं आणि काच काळी पडली.

कॅमेरा माझ्या मामांचा. साताऱ्यात त्यांचा स्टुडिओ होता, तो बंद होऊन पंचवीसेक वर्षं झाली. फुल प्लेटचा, म्हणजे साडेसहा बाय साडेआठ इंचांचा लाकडी डबा, भाता अजून धड, स्टँडला चाकं. मामा गेल्यावर तो माळ्यावर चढला तो चढलाच. मी कॉलेजच्या फिजिक्स लॅबमध्ये बत्तीस वर्षं असिस्टंट होते. निवृत्त झाले तेव्हा मामी म्हणाली, “तुला खटपटीची हौस आहे तर घेऊन जा तो. इथे उंदरांनी भाता खाल्ला तर मला बघवणार नाही.” टेम्पोने पुण्याला आणला. सोबत पत्र्याचा एक डबा: तडकलेली रबरी नळी, वाळलेल्या लिंबासारखा झालेला फुगा, दोन लेन्स, पॉलिश पेपरचा गुळगुळीत तुकडा आणि बोटभर उरलेली एक पेन्सिल.

हल्लीच्या कॅमेऱ्यांवर ‘बी’ असं अक्षर असतं, ते या फुग्याचं, बल्बचं. फुगा दाबून धरला तेवढा वेळ शटर उघडं. फुगे कधीच गेले, अक्षर राहिलं.

लेन्सची पाटी काढली की मागच्या अंगाला शटर दिसतं. चपटी काळी चौकट, मध्ये मोठं गोल भोक, भोकावर पाकळ्या, आणि एका कडेला करंगळीएवढं पितळी नळकांडं. चिकटवलेल्या कागदावर ‘पॅकार्ड-आयडियल’ आणि ‘कॅलामझू, मिशिगन’ एवढं वाचता येत होतं. अमेरिकेतल्या त्या गावाहून ही शटरं जगभरच्या स्टुडिओंत गेली. ती लेन्सच्या मागे, कॅमेऱ्याच्या पोटात बसतात. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला काही हलताना दिसत नाही, आवाजही ‘फुस्स’ एवढाच. मांडीवरचं बाळ दचकायच्या आत फोटो झालेला असतो. शिवाय जुन्या पितळी लेन्सना स्वतःचं शटर नसायचंच. आमची मोठी लेन्स रॅपिड रेक्टिलिनियर जातीची, म्हणजे लंडनचा डॉल्मायर आणि म्युनिकचा श्टाइनहाइल यांनी १८६६ मध्ये जवळजवळ एकाच वेळी काढलेल्या रचनेची. त्या काळी लेन्सचं टोपण काढायचं, मोजायचं आणि परत लावायचं, हेच शटर.

यंत्र म्हणाल तर अगदी बाळबोध. फुगा दाबला की हवा नळीतून नळकांड्यात जाते आणि पिस्टन ढकलते. पिस्टनची दांडी एक तरफ फिरवते आणि पाकळ्या बाजूला होतात. मिटण्यासाठी स्प्रिंग असेल असं मला वाटलं होतं. मिटण्याचं कामही फुगाच करतो. सोडलेला फुगा पुन्हा फुगताना नळीतली हवा ओढून घेतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पिस्टनला मागे आणतो. म्हणजे ढकलणं आणि ओढणं अशी दोन कामं, आणि दुसरं काम नाजूक. कुठेतरी बारीक गळती असली तरी जोराने दाबून शटर उघडता येतं. मिटताना मात्र फुग्याकडे जेवढा जीव आहे तेवढाच. त्यामुळे उघडतं पण मिटत नाही, हा या शटरांचा ठरलेला आजार.

हे मला आज कळतं. त्या दिवशी मी काय केलं, तर शिलाई मशीनची कुपी आणली आणि पिस्टनवर दोन थेंब तेल सोडलं.

आपल्याकडे काहीही अडलं की तेल. दाराची बिजागरी, पंखा, कुलूप, सायकल. दोन थेंबांनी पाच मिनिटं शटर लोण्यासारखं चाललं. संध्याकाळपर्यंत उघडायचंही बंद झालं. पिस्टन आणि नळकांडं यांत केसाएवढी फट असते, वायसर वगैरे काही नसतो. त्या फटीत तेलाचा पापुद्रा धरला की पिस्टन जागच्या जागी चिकटतो. भिजलेल्या दोन काचा एकमेकींना चिकटतात, सरकवायला जोर लागतो, तसंच. तेल तिथे थांबलंही नाही. दांडीवरून पाकळ्यांवर उतरलं आणि पाकळ्याही एकमेकींना चिकटल्या. बत्तीस वर्षं पोरांना पृष्ठताण शिकवण्याची उपकरणं मांडून दिली आणि स्वतःच्या घरी हा उद्योग.

मग ते उघडावंच लागलं. बारीक स्क्रू काढले ते क्रमाने इडलीच्या साच्यात ठेवले, पहिल्या खळग्यात पहिला, दुसऱ्यात दुसरा. प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो. पाकळ्या काळ्या, हलक्या, कडेला तपकिरी छटा. लोकरीच्या शालीवर एक घासली आणि टेबलावरच्या कागदाच्या कपट्यांजवळ नेली. कपटे टणाटण उडून चिकटले. एबोनाइट! लॅबमध्ये स्थितिक विजेच्या प्रयोगाला याच्याच कांड्या असायच्या. गंधक घालून कडक केलेलं रबर ते. घासल्यावर गंधकाचा मंद वासही आला.

एबोनाइट ओळखलं आणि तरीही चूक केली. नळकांडं, पिस्टन आणि पाकळ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसल्या. इथवर ठीक. मग पाकळ्या वाळायला गच्चीवर वर्तमानपत्रावर ठेवल्या. मे महिना, दुपारचे दोन. अर्ध्या तासाने गेले तर एक पाकळी सांडग्यासारखी वळलेली. अल्कोहोल सावलीतसुद्धा मिनिटभरात उडतं, उन्हात ठेवायची काही गरजच नव्हती. सवयीने ठेवलं.

सावरलं ते फाउंटन पेनामुळे. निबेखालची काळी जीभ एबोनाइटची असली तर पेनवाले ती गरम पाण्यात धरून बोटाने वाकवतात, निबेला नीट टेकावी म्हणून. पाकळी पातेल्यातल्या गरम पाण्यात धरली, नरम पडल्यावर दोन काचांमध्ये ठेवली, वर वरवंटा, आणि रात्रभर हात लावला नाही. सकाळी सपाट. रंग मात्र आणखी तपकिरी झाला तो झालाच. आता चौकट उन्हात राहू देत नाही, गाडीच्या डिकीतही नाही.

तेल गेलं, पण कोरड्या पितळावर पिस्टन किंचित खरखरत होता. काय लावावं ते कळेना म्हणून मामीला फोन केला. ती स्टुडिओत डार्करूम सांभाळायची.

“तेल घातलंस?” तिने पहिलं हेच विचारलं. मी गप्प. “हे असते तर तुझा कान धरला असता. डब्यात पेन्सिल नाही का?”

“ती निगेटिव्ह रिटचिंगची ना?”

“रिटचिंगच्या पेन्सिलींना सुईसारखी टोकं असायची, त्यांचा डबा वेगळा. बुटकी पेन्सिल शटरची. पॉलिश पेपरवर घासायची आणि ती पूड आत फुंकायची. दर दिवाळीच्या आधी करायचे हे. लग्नसराई सुरू व्हायच्या आत.”

माळ्यावरचा कचरा म्हणून ते दोन्ही फेकायला काढलं होतं मी.

पेन्सिलीचं शिसं म्हणजे ग्रॅफाइट. कोरडं वंगण, चिकटत नाही, धूळ धरत नाही. बुटकी पेन्सिल पॉलिश पेपरवर फिरवली, चिमूटभर काळी पूड जमली, कान साफ करायच्या कापसाच्या काडीने ती नळकांड्याच्या आतून आणि पिस्टनच्या अंगाला चोळली. पिस्टन तीसेक वेळा आत-बाहेर केला. जास्तीची पूड ब्लोअरने उडवली, अंगणात आणि लेन्सपासून लांब, कारण ती निगेटिव्हवर बसली तर काळे ठिपके घेऊन येते. आता नळकांडं उभं धरून नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की पिस्टन हळूहळू, जांभई दिल्यासारखा खाली यायचा. बोट काढलं की सर्रकन. बोट ठेवूनही पिस्टन धपकन पडला तर समजायचं की कडेने हवा जाते आहे, आणि बोट काढूनही लटकून राहिला तर घाण किंवा ओल आहे. या एका खेळात पिस्टनचं सगळं आरोग्य कळतं.

राहिला फुगा. जुना दाबला तर हातात त्याचे तुकडेच आले.

सर्जिकलच्या दुकानातून ब्लड प्रेशरच्या यंत्राचा फुगा आणला, नवाकोरा. बसवला, दाबला, शटर उघडलं, सोडला, मिटलं नाही. पुन्हा तेच! दोन दिवस मी पिस्टन काढत आणि घालत बसले. पुन्हा अल्कोहोल, पुन्हा पेन्सिल. तिसऱ्या दिवशी चहा पिताना तो फुगा नुसताच गालाजवळ धरून दाबला आणि सोडला. सोडताना मागच्या टोकाकडून हवा आत जात होती. अर्थातच! ब्लड प्रेशरच्या फुग्याला झडपा असतात. मागून हवा घ्यायची, पुढे ढकलायची, परत येऊ द्यायची नाही. पट्टा फुगवायला तेच हवं असतं. पॅकार्डला नेमकं उलटं, गेलेली हवा त्याच वाटेने परत यायला हवी. शटर बिचारं ठीक होतं.

मग कान धुवायचा रबरी फुगा. त्याला झडप नसते, पण जीव लहान. शटर अर्धं उघडून थांबायचं, ग्रहण लागल्यासारखं.

शेवटी चालला तो सायकलवाल्याकडचा पों-पों. पूर्वी टांग्यांना आणि रिक्षांना असायचा तो काळा रबरी भोंगा. पितळी कर्णा काढून टाकला, रबराचा फुगा तेवढा घेतला. मूठभर मोठा, भिंत जाड, एकच तोंड, झडप नाही, आणि सोडल्यावर जोरात फुगतो. तोंड रुंद होतं म्हणून त्यात बॉलपेनच्या नळीचा तुकडा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून घट्ट बसवला आणि वरून दोऱ्याने आवळला. नळीसाठी माशांच्या टाकीची सिलिकॉनची पाइप. तिथेच मिळणारी पारदर्शक प्लास्टिकची स्वस्त असते, पण थंडीत कडक होते आणि वाकवली की घडी पडते.

गळती पाहिली ती पंक्चरवाल्याच्या पद्धतीने. शटरकडचं टोक बोटाने बंद केलं, फुगा आणि सांधे बादलीत बुडवले आणि दाबलं. बॉलपेनच्या सांध्याशी बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. आणखी दोन वेढे. मग नळी पूर्ण वाळेपर्यंत शटरला लावली नाही, कारण नळीत राहिलेला पाण्याचा एक थेंब पिस्टनपर्यंत गेला की तेलाचीच पुनरावृत्ती. पहिल्यांदा नळी तीन मीटर ठेवली होती, लांब उभं राहता यावं म्हणून. तेवढ्या लांबीत हवाच दबत बसते, पिस्टनपर्यंत धक्का पोचतो तो मवाळ होऊन. दीड मीटरवर आणली तेव्हा शटर खणखणीत झालं.

तुळस आली, फुगा सोडला, तुळस गेली. पन्नासेक वेळा केलं हे. शेजारच्या काकू कुंपणावरून बघत होत्या, त्यांना वाटलं मी दमा झाल्यावर वापरायचं काहीतरी वापरते आहे.

या शटराला वेगाची तबकडी नाही. आमचं पॅकार्ड ज्या जातीचं आहे तिच्यात एक खिळ असते. खिळ काढलेली असली तर दाबून धराल तोवर उघडं. खिळ छिद्रात घातली की एका दाबात उघडून लगेच मिटतं, आणि तो वेळ सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आसपास असतो म्हणतात. आमची खिळ हरवलेली. सायकलच्या आऱ्याचा तुकडा कानशीने घासून घातला, बरोबर बसला.

‘म्हणतात’ यावर माझं समाधान होत नाही, तो लॅबचा दोष. मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो मोशन असतो. म्हणजे एक फ्रेम जेमतेम चार मिलिसेकंदांची. लेन्सच्या पुढे ट्यूबलाइट नको, ती स्वतःच लुकलुकते. खिडकीतला उजेड ठेवला, मागून मोबाइल लावला आणि फुगा दाबत गेले. नंतर प्रत्येक वेळच्या उजेडाच्या फ्रेम मोजल्या. दहा, चौदा, अकरा, सतरा, तेरा. म्हणजे चोविसाव्या भागापासून चौदाव्या भागापर्यंत. पाऊण स्टॉपचा फरक (उजेड दुप्पट झाला की एक स्टॉप), निगेटिव्ह तेवढा सहन करते. पण फरक शटरचा नव्हता. हळू दाबलं तर सतरा, झटक्यात दाबलं तर दहा. आणि एकदा फारच जोरात दाबलं तेव्हा वेगळीच गंमत दिसली. पाकळ्या मिटल्या, आपटून उसळल्या आणि फटभर पुन्हा उघडल्या. भोंग्याचा फुगा तसा दांडगा आहे, तो मुठीने दाबायचा नाही, तीन बोटांनी.

खिळ काढून हाताने मोजायचं तर एक सेकंदाच्या पुढे काही अडचण नाही. अर्धा सेकंद माझ्याच्याने कधीच दोनदा सारखा येत नाही. म्हणून मी उलटं करते. उजेड जास्त असला तर डायाफ्राम, म्हणजे लेन्समधलं भोक, बारीक करून वेळ लांबवते. एफचा आकडा जितका मोठा, तितकं भोक बारीक. फोटोच्या कागदाचीच निगेटिव्ह केली तर त्याचा वेग, म्हणजे उजेड टिपण्याची क्षमता, आयएसओ ६ धरते, फारच कमी. उन्हात एफ/३२ लाही अर्धाच सेकंद येतो, पडवीत मात्र एफ/१६ ला चारेक सेकंद मिळतात. चार सेकंद मोजायला घड्याळ लागत नाही. मामा ‘राम कृष्ण हरी’ म्हणायचे, वारकरी चालीत. मी स्टॉपवॉच लावून म्हणून पाहिलं, माझं एक म्हणणं दीड सेकंदाचं होतं.

आणखी एक. पॅकार्डच्या पाकळ्या मिटलेल्या असल्या तरी पूर्ण काळोख करत नाहीत. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्याच्या आत टॉर्च ठेवून पुढून पाहिलं तर मधोमध पुसट उजेड दिसला. सावलीत त्याने काही होत नाही. उन्हात, कागद ज्या चपट्या होल्डरमध्ये असतो त्याची झाकणाची सरक ओढण्याआधी लेन्सवर टोपण ठेवते, सरक ओढल्यावर टोपण काढते आणि लगेच फुगा. हे दोनदा विसरले आहे, दोन्ही निगेटिव्ह मधोमध धुरकट.

मामांच्या सामानात आणखी एक शटर निघालं, लेन्सच्या पुढे बसवायची लाकडी पेटी. थॉर्न्टन-पिकार्ड, इंग्लंडमधल्या ऑल्ट्रिंचॅमचं. त्यात कापडाचा पडदा दोन रुळांवर गुंडाळलेला असतो, दोरी ओढून चढवायचा. इथे फुगा फक्त खटका ओढतो, पडदा पळवते ती स्प्रिंग. गळका फुगा असला तर खटका सुटत नाही एवढंच, वेगात फरक पडत नाही. पण आमच्या पडद्याला घड्यांवर चिरा गेल्या आहेत आणि आकाशाकडे धरला तर तारांगण दिसतं. तो बदलायला रबर लावलेलं पातळ काळं कापड हवं. मिळालं की बघू.

दुसऱ्या लेन्सवरचं कॉम्पाउंड नावाचं शटर मात्र पंधरा दिवस घेऊन बसलं. म्युनिकच्या फ्रिड्रिख डेकेलच्या कारखान्याचं. ही लेन्स मामा बाहेरच्या ग्रुप फोटोंना न्यायचे. शटराच्या डोक्यावर आडवं नळकांडं असतं, त्यामुळे ते फेटा बांधल्यासारखं दिसतं. यातही पिस्टन आहे, पण त्याचं काम पॅकार्डच्या उलट. पॅकार्डमध्ये हवा शटर चालवते, इथे ती शटराला अडवते. पाकळ्या स्प्रिंगच्या जोराने उघडतात आणि मिटायच्या आधी पिस्टनला हवा पिळून बाहेर काढावी लागते. पिस्टनला जितकी लांब धाव, तितका मिटायला उशीर. एक सेकंदाचा आकडा लावला की धाव सगळ्यात मोठी. पुढे याच डेकेलने १९१२ च्या सुमारास हवेच्या जागी घड्याळाची चक्रं घातली आणि त्या शटराचं नाव कॉम्पूर ठेवलं. कॉम्पाउंडमधलं ‘कॉम्प’ आणि घड्याळयंत्राला जर्मनमध्ये जो शब्द आहे, ‘ऊरवेर्क’, त्यातलं ‘ऊर’. तरी मोठ्या लेन्सची कॉम्पाउंड त्यानंतरही बरीच वर्षं बनत होती.

आमच्या कॉम्पाउंडला एक सेकंद लावला की ते उघडायचं आणि विचारात पडायचं. तीन सेकंद, कधी पाच. नळकांड्याचं टोपण फिरवून काढलं आणि आत पाहिलं तर मधासारखा पिवळा थर. कुणीतरी तेल घातलं होतं. मामांनी नाही, हे मी मामीला न विचारता सांगू शकते. बहुधा त्यांच्यानंतर जो कुणी दुरुस्त करायला घेऊन गेला त्याने.

इथे मी शहाणी झाले होते. सगळं शटर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. जुन्या कॉम्पाउंडच्या डायाफ्रामची पानं धातूचीच असतील असं नाही, फायबर किंवा एबोनाइटचीही असतात. ती भिजली की वाकतात आणि मग पुढचा कारागीर सापडणं मुश्कील. म्हणून फक्त नळकांडं आणि पिस्टन. काडीला कापूस, कापसाला लाइटरचं इंधन, पुसायचं, काडी फेकायची, नवी घ्यायची. एकवीस काड्या लागल्या, शेवटची पांढरी निघाली. कोरडं फडकं फिरवलं आणि आत काहीही लावलं नाही. पेन्सिलसुद्धा नाही, कारण इथे पिस्टन घसरला तर वेळच बिघडते.

मोबाइलने मोजलं: एक सेकंदाचा १.१, अर्ध्याचा ०.६, आणि सगळ्यात वरच्या आकड्याला ते सावकाशच आहे, पण त्या वयात एवढं चालायचंच. दोनदा मोजलं, एकदा मे अखेरीस आणि एकदा जुलैत, झड लागलेली असताना. जुलैत एक सेकंद १.३ वर गेला होता. शटर रात्रभर सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात ठेवलं आणि सकाळी परत १.१. त्या डब्यात तांदूळ घालू नका. तांदळाची धूळ असते.

ऑगस्टमध्ये कॅमेरा साताऱ्याला नेला. फिल्म एक्स-रेची, आठ बाय दहाची, लाल दिव्यात कापून फुल प्लेटची केलेली. हिरव्या उजेडाला जागी होणारी ही फिल्म लाल दिव्यात झोपलेली असते, म्हणून डोळ्यांनी बघत डेव्हलप करता येते. दोन्ही बाजूंना रसायन असल्यामुळे ट्रेच्या तळाला जरा घासली तरी ओरखडा. मी ट्रेमध्ये काच घालते. वेग आयएसओ ८० धरला. मामीला पडवीत खुर्चीवर बसवलं, एफ/११, खिळ आत.

मी फुगा दाबणार तेवढ्यात ती म्हणाली, “दाखव बघू तो.” हातात घेतला, उलटा-सुलटा केला. “रिक्षाचा?”

“हो.”

“ह्यांचा गुळगुळीत होता, लाल.” मग तिने तो तळहातात असा धरला की तोंड करंगळीकडे आणि अंगठा वर, आणि हवेतच दोनदा दाबून पाहिला. “पोरांचे फोटो काढताना हे खुळखुळा घेऊन पुढे नाचायचे आणि फुगा माझ्याकडे. आपण दाबलं हे पोराला कळता कामा नये.”

पॅकार्डसमोर मोबाइल लावून मी तिला पाच वेळा दाबायला सांगितलं. अकरा, अकरा, बारा, अकरा, अकरा. चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, बोटांना संधिवात. मला आजवर सलग दोन वेळा सारखे आकडे आलेले नाहीत.

दोन फोटो काढले. तिचा मी काढला, मग मी खुर्चीत तिच्या जागी बसले आणि माझा तिने काढला. रात्री मोरीत लाल बल्ब लावून दोन्ही डेव्हलप केले, ती दारात स्टुलावर बसून “हलव, हलव, एका कडेने उचल” असं सांगत होती. माझा फोटो लख्ख आला, चष्म्याच्या काडीवरचा स्क्रूसुद्धा दिसतो. तिचा हलला आहे. ती हलली नव्हती. तिच्या मागच्या खिडकीचे गजही दुहेरी आले आहेत, म्हणजे कॅमेराच हलला. तिचा चेहरा बघायला मी एक पाऊल पुढे झाले आणि दीड मीटरची नळी ताणली गेली.

आता दोन मीटरची पाइप आणली आहे. तिच्यावर फ्रेम मोजायच्या राहिल्यात.